सेवा करणारीची चौकशी कोण करणार?

घरात कुणी अंथरुणाला खिळलं, की त्याच्या पथ्यपाण्याची विचारपूस सगळे करतात. करणारीच्या वाट्याला मात्र येतं ते एवढंच – "हल्ली फार चिडचिड करते हो!" पण मैत्रिणींनो, ही चिडचिड म्हणजे नुसता स्वभाव नव्हे, बरं का!

आपल्या मेंदूत 'मायक्रोग्लिया' नावाच्या पेशी असतात. स्पेनच्या देल रिओ ओर्तेगा यांनी १९१९ साली त्यांना हे नाव दिलं. या मेंदूच्या पहारेकरणीच म्हणा ना! जंतू शिरला, इजा झाली, की रसायनं सोडून हाकाटी करतात. तापात भूक मरते, कुणाशी बोलू नयेसं वाटतं, त्यामागेही अशीच रसायनं असतात.

जंतू नसतानाही ही हाकाटी होऊ शकते. अमेरिकेत ओहायो राज्य विद्यापीठात उंदरांच्या पिंजऱ्यात सहा दिवस, रोज दोन तास एक दांडगट उंदीर सोडला. पहारेकरणी जाग्या झाल्या. त्यांच्या हाकेला ओ देऊन अस्थिमज्जेत तयार झालेल्या पांढऱ्या पेशी मेंदूपर्यंत पोचल्या आणि उंदीर भेदरट झाले. पुढे भीती ओसरली. पण २४ दिवसांनी दांडगट एकदाच आणला, तर तेवढ्यानं ती पुन्हा उफाळली! वरवर शांत दिसलं, तरी आत पेशी सावधच होत्या.

उंदरांचं सगळंच माणसाला लागू होत नाही, हे खरं. पण याच विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९५ साली स्मृतिभ्रंश झालेल्या नातलगांची सेवा करणाऱ्या १३ बायकांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची जखम करून पाहिली. ती भरायला सरासरी जवळजवळ ४९ दिवस लागले. अशी जबाबदारी नसलेल्या बायकांना ३९. म्हणजे ताण अंगात मुरतो, तो असा.

मग करायचं काय? रुग्णाच्या औषधांच्या वेळा भिंतीवर लावता ना, त्याखालीच करणारीच्या सुटीचे वारही लिहा. दीर, नणंद, मुलं, ज्यांना जमेल त्यांनी पाळी वाटून घ्यावी. रात्रीचं उठणं एकटीवर नको. झोप उडाली, कशातच मन लागेना आणि असं दोन आठवडे चाललं, तर 'मनाचे खेळ' म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा.

आणि हो, आजीला पेज भरवणं काही अवघड नाही. कॉलेजातल्या नातवालाही ते सहज जमतं!