ऑईलचा दिवा लागला, आता काय?

आपल्या केज तालुक्यातील कित्येक तरुणांनी कर्ज काढून जीप, टेम्पो घेतले आहेत. त्यावर त्यांच्या घरची चूल पेटते. इंजिन बसले की उत्पन्न थांबते, बँकेचा हप्ता मात्र थांबत नाही. काउंटरच्या अलीकडून हे आम्ही अनेकदा पाहिले आहे. आम्ही कला शाखेचे पदवीधर. यंत्रशास्त्र आमचा विषय नव्हे. तरीही एका प्रसंगाने त्यातले थोडे शिकावे लागले, तेच येथे मांडीत आहोत.

काही वर्षांपूर्वी ऐन उन्हाळ्यात आम्ही आमच्या जुन्या मोटारीने बीडला निघालो असता नेकनूरजवळ ऑईलचा लाल दिवा लागला. आम्ही इंजिन तेथेच बंद केले व गाडी ओढून आणली. पहिल्या मिस्त्रीने काही न तपासता "इंजिन खोलावे लागेल" असे सांगितले. दुसऱ्याने आधी गेज लावून दाब मोजला. दाब ठीक होता, बिघाड फक्त ऑईलच्या स्विचमध्ये होता. पासबुकातील नोंद चुकली म्हणून खात्यातील पैसे नाहीसे होत नाहीत, तसाच हा प्रकार!

मुळात हा दाब येतो कोठून? पंप तेल फक्त ढकलतो. ते तेल बेअरिंगच्या बारीक फटीतून जाताना अडते आणि त्या अडण्यातून दाब तयार होतो. शेतातील पाइपाचे तोंड अंगठ्याने दाबले तर पाणी जोरात उडते, सोडले तर धार खाली पडते. त्याचप्रमाणे बेअरिंग झिजून फट वाढली किंवा तेल पातळ झाले, की दाब घटतो. मग क्रँकशाफ्ट व बेअरिंग यांमधील तेलाचा थर तुटतो, धातूवर धातू घासतो आणि थोड्याच वेळात इंजिन जाम होते. म्हणून दिवा लागताच गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे, "गावापर्यंत जाऊ" असे म्हणू नये.

तपासणी स्वस्तापासून महागाकडे करावी.

१) गाडी सपाट जागी उभी करून दहा मिनिटांनी डिपस्टिक पाहावी. तेल कमी असल्यास भरावे व गळती शोधावी. जास्त तेलही वाईट, कारण ते घुसळून फेसाळते. तेलाला डिझेल-पेट्रोलचा वास येत असेल तर ते पातळ झाले आहे. दुधाळ दिसत असेल तर त्यात पाणी शिरले आहे.

२) तेल केव्हा बदलले व कोणत्या ग्रेडचे आहे ते पाहावे. १५ डब्ल्यू ४० यातील ४० हा आकडा गरम तेलाचा घट्टपणा सांगतो.

३) स्विच व त्याची वायर तपासावी.

४) स्विच काढून त्या जागी गेज लावावा व इंजिन गरम झाल्यावर दाब मोजावा. टायरच्या हवेप्रमाणे हा दाबही पौंडात मोजतात. दर १००० फेऱ्यांना सुमारे १० पौंड हा ढोबळ हिशेब आहे, मात्र गाडीच्या पुस्तिकेतील आकडा अंतिम मानावा.

५) दाब खरोखरच कमी निघाला तर फिल्टर व रिलीफ व्हॉल्व्ह पाहावेत. नंतर चेंबर उतरवून गाळाने भरलेली जाळी, पंप आणि शेवटी बेअरिंग तपासावेत. थंड इंजिनात दाब बरा, गरम होताच कमी आणि खालून ठकठक आवाज, ही लक्षणे बहुधा झिजलेल्या बेअरिंगची असतात.

काही जण जास्त घट्ट तेल टाकून दिवा विझवतात. त्याने झीज भरून येत नाही, फक्त झाकली जाते. जुनी गाडी घेणाऱ्यांनी म्हणूनच इंजिन चांगले गरम करून दाब पाहावा व मगच व्यवहार करावा.

विद्यार्थी मित्रांनो, या साऱ्याला मोठी पदवी लागत नाही. "दाब मोजला का?" हा एक प्रश्न मिस्त्रीला विचारण्याचे धाडस ठेवा. दिवा दुर्लक्षून गाडी चालवणे आणि न मोजता इंजिन खोलणे, या दोन्ही चुका घामाच्या पैशावरच येतात.