काट्यावरून कळणारे कुळ

बुलढाणा जिल्ह्यात शेताच्या बांधावर बाभूळ आणि हिवर, तर डोंगरउतारावर खैर भेटतो. जुन्या पुस्तकांत ही तिन्ही झाडे ‘अकेशिया’ या एकाच प्रजातीत आहेत. या प्रजातीत जगभरातल्या 1,300हून अधिक जाती होत्या.

एवढ्या मोठ्या गटाची वर्गवारी करताना आधी भरवशाची लक्षणे निवडतात. झाडाची उंची जमीन-पाण्याप्रमाणे बदलते. काट्यांची ठेवण आणि फुलोरा सहसा बदलत नाही. बाभूळ-हिवराचे काटे सरळ, उपपर्णांपासून बनलेले आणि फुले गोल गोंड्यांत. खैराचे काटे आखूड, आकड्यासारखे वळलेले आणि फुले लांबट कणसांत. जॉर्ज बेंथम यांनी 1875 मध्ये अशाच लक्षणांवरून या प्रजातीचे सहा गट पाडले होते.

पुढे डीएनए तपासणीत दिसले, की बाभूळ आणि खैर एका प्रजातीत बसवण्याइतके जवळचे नाहीत. ‘अकेशिया’ हे नाव ऑस्ट्रेलियातल्या सुमारे हजार जातींना द्यावे, असे 2005 च्या व्हिएन्ना वनस्पतिशास्त्र परिषदेत ठरले. 2011 मध्ये मेलबर्नला त्यावर शिक्कामोर्तब झाले. आता बाभूळ आणि हिवर ‘व्हॅचेलिया’ झाले, खैर ‘सेनेगालिया’.

नावे बदलली तरी काम वाया जात नाही, ते वाळवलेल्या नमुन्यांमुळे. फुला-शेंगांसह तोडलेली फांदी कागदांत दाबून वाळवायची, जाड कागदावर चिकटवायची आणि ठिकाण, तारीख, संग्राहकाचे नाव लिहायचे. शंका आली की कोणीही तो नमुना पुन्हा तपासू शकतो. फुलाचा रंग मात्र वाळल्यावर उडतो, म्हणून तो जागेवरच टिपतात.

बुलढाण्याला अशा नोंदींची विशेष गरज होती. थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्यातील वनस्पतींवरचा ग्रंथ 1901 ते 1908 दरम्यान निघाला. वऱ्हाड त्या इलाख्यात नसल्याने हा जिल्हा त्यातून सुटला. ‘फ्लोरा ऑफ बुलढाणा डिस्ट्रिक्ट’ हे पी. जी. दिवाकर आणि बी. डी. शर्मा यांचे पुस्तक भारतीय वनस्पती सर्वेक्षणाने 2000 मध्ये काढले.

अंबाबरवा, ज्ञानगंगा आणि लोणारच्या परिसरात वनस्पतींची कमतरता नाही. जिल्ह्यातल्या महाविद्यालयांनी आपापल्या तालुक्यातले, संरक्षित क्षेत्रात रीतसर परवानगी काढून, नमुने जपावेत. डीएनए तपासणी बाहेरच्या प्रयोगशाळेत करून घेता येईल. झाड कुठे, केव्हा फुलले याची नोंद स्थानिकांनीच ठेवायला हवी.