कूपरेज : नोकरीच्या पगारावर रंगलेलं मैदान

भंडारा जिल्ह्यातल्या कोंढा-पवनीकडचा माणूस मुंबईला जातो तो बहुधा मंत्रालयातलं काम घेऊन. भंडारा रोडला विदर्भ एक्स्प्रेस धरायची, सीएसएमटीला उतरायचं आणि साहेब भेटेपर्यंत ताटकळायचं. तो वेळ सत्कारणी लावायचा असेल, तर मंत्रालयापासून चालत जाण्याच्या अंतरावर, महर्षी कर्वे रस्त्यालगतचं कूपरेज मैदान पाहून यावं. शेजारी बँडस्टँडची जुनी बाग, आत पाच हजारांच्या आसपास प्रेक्षक मावतील एवढीच जागा, खाली कृत्रिम हिरवळ. डोळे दिपावेत असं इथे काही नाही. मोठेपण आहे ते इतिहासात.

कूपरेज म्हटलं की जुन्या मुंबईकरांना रोव्हर्स चषक आठवतो. १८९१ मध्ये सुरू झालेली ही फुटबॉल स्पर्धा पहिली कित्येक वर्षं गोऱ्या पलटणींचीच होती. पहिला चषक वूस्टरशायर रेजिमेंटने नेला. १९२३ मध्ये कोलकात्याचा मोहन बागान अंतिम फेरीपर्यंत धडकला, पण डरहॅम लाइट इन्फंट्रीने त्यांना ४-१ असं हरवलं. चषक भारतीय संघाच्या हाती लागायला १९३७ साल उजाडावं लागलं. तो जिंकला ‘बंगलोर मुस्लिम्स’ने. पुढच्या वर्षी त्यांनीच तो पुन्हा जिंकला, म्हणजे पहिला विजय नशिबाचा नव्हता.

खेळावर पोट कसं भरायचं, हा मात्र वेगळा प्रश्न होता. त्याच काळात तिकडे अमेरिकेत फुटबॉल हा रोख पैशांचा धंदा झाला होता. १९२१ मध्ये तिथे व्यावसायिक लीग सुरू झाली. बेथलहेम स्टील या पोलाद कंपनीचा संघ त्यात होता आणि फॉल रिव्हर या कापडगिरण्यांच्या गावाचाही. स्कॉटलंडचे खेळाडू चांगल्या पैशांसाठी समुद्र ओलांडून जात. फॉल रिव्हरचे संघमालक सॅम मार्क यांची शक्कल तर दाद देण्यासारखी. मॅसॅच्युसेट्स राज्यात रविवारच्या खेळांवर कायद्याची बंधनं होती. या गृहस्थांनी स्टेडियम बांधलं ते हद्दीपलीकडे, ऱ्होड आयलंडमध्ये! पुढे संघटनांची आपसातली भांडणं आणि मंदी यांत ती लीग १९३३ मध्ये बुडाली.

गिरण्या मुंबईतही होत्या, पण आपल्याकडे खेळण्याचे उघड पैसे घेणं नियमात बसत नव्हतं. मग वाट निघाली नोकरीची. कागदोपत्री कारकून किंवा शिपाई, प्रत्यक्षात फॉरवर्ड किंवा गोलकीपर. हैदराबाद सिटी पोलिसांनी १९५० ते १९५४ असा सलग पाच वेळा रोव्हर्स जिंकला, ती सगळी खात्याची माणसं. नेव्हिल डिसूझा हा मूळचा गोव्याचा; मुंबईत टाटा आणि कॅल्टेक्सकडून खेळला. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्याने हॅटट्रिक केली. पगारी नोकरीमुळे अशा खेळाडूंच्या घरची चूल पेटती राहिली, हे मान्यच करायला हवं. पण संघाचा जीव कंपनीच्या मर्जीवर टांगलेला राहिला, हेही तितकंच खरं. राष्ट्रीय लीग जिंकलेला महिंद्र युनायटेड २०१० मध्ये मालकांनी बंद केला. रोव्हर्स तर त्याच्याही आधी, २००१ च्या सुमारास थांबला होता.

१८८८ मध्ये सुरू झालेला डुरंड फुटबॉल चषक आजही खेळला जातो, कारण त्याच्या पाठीशी लष्कर उभं आहे. रोव्हर्सच्या पाठीशी कुणी नाही. सरकार आणि फुटबॉल संघटनेने मनावर घेऊन ही स्पर्धा कूपरेजवर पुन्हा सुरू करावी.