सावकारी पाशातलं कुत्रं

मराठी मुलखात वास्तववादी चित्रकला रुजली ती मुंबईच्या १८५७ सालच्या कलाशाळेनंतर. संस्थानिक, शेठ, नऊवारीतल्या स्त्रिया, देवदेवता यांना तिने हाडामांसाचे चेहरे दिले. कुत्रं मात्र घरोघरी दिसलं ते दत्ताच्या पायाशी. १८९४ मध्ये मुंबईत निघालेल्या चित्रकार राजा रविवर्मांच्या छापखान्याने तसबिरींचं युग आणलं. पण दत्तापुढची चार कुत्री म्हणजे चार वेद. अंगावरचे केस कितीही हुबेहूब असोत, त्यांना पाहणारा हात जोडतो, कुत्र्याकडे पाहत नाही.

माझ्या मते कुत्र्याला कुत्रं म्हणून पाहणारी नजर आपल्याला कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी दिली. वडील कसबी कारागीर, नात्यातले भाऊ आनंदराव चित्रकार. दोघांनी मिळून नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवले. आनंदराव १९१६ मध्ये गेले आणि दोघांचं सिनेमाचं स्वप्न पुढे बाबूरावांनी पुरं केलं. ना. ह. आपट्यांच्या कथेवरचा १९२५ चा ‘सावकारी पाश’ हा त्यांचा मूकपट आज पाहायला मिळत नाही. पण चित्रपटनिर्माते जे. बी. एच. वाडियांसारख्या जाणकाराच्या मनात त्यातलं एक दृश्य कायम राहिलं: अंधूक उजेडातली भकास झोपडी आणि रडणारं कुत्रं.

एवढ्याशा दृश्यावरून कुणाला श्वानचित्रकार कसं म्हणावं? आक्षेप रास्त आहे. इंग्लंडचा लँडसिअर किंवा फ्रान्सची रोझा बाँहर यांनी कुत्र्यांची कितीतरी चित्रं केली. पण लँडसिअरला व्हिक्टोरिया राणीसारखे आश्रयदाते होते, आपल्या लाडक्या कुत्र्याचं चित्र करवून घेणारे. कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याच्या कुत्र्याचं चित्र कोण विकत घेणार? ते तिकीट काढणाऱ्या प्रेक्षकांसमोरच येऊ शकत होतं, आणि ते आणायला चित्रकाराचाच डोळा लागला. बाबूराव पात्रं, पोशाख, हालचाली आधी कागदावर रेखाटून घेत. रडणाऱ्या कुत्र्याची ती चौकट त्यांच्या लेखी चित्रच होती.

कुत्र्याचं रडणं हा अपशकुन, म्हणजे इथेही ते खूणच, असं कुणी म्हणेल. खूण आहे खरी. पण ती देवाची नव्हे, त्या घरावर आलेल्या अवकळेची आहे, आणि त्या अवकळेत कुत्र्याचाही वाटा आहे. सिनेमातल्या शेतकऱ्याची जमीन सावकार गिळतो आणि तो शहरात गिरणीत मजूर होतो. कोकणातल्या संगमेश्वरच्या वाचकाला ही कथा परकी वाटू नये. इथल्या वाड्यांतली माणसंही गिरणगावात गेली. गडी मुंबईला गेला तरी कुत्रं अंगणातच राहिलं. कोकणच्या निसर्गचित्रांत घाट, होड्या, माड भरपूर सापडतात. हे अंगण मला फारसं सापडत नाही. बाबूरावांना मात्र तो विषय सुटला नाही. १९३६ मध्ये त्यांनी ‘सावकारी पाश’ पुन्हा केला, या वेळी बोलपट म्हणून.