नाताळचे भयपट आणि घरात शिरलेला पाहुणा : ‘ब्लॅक ख्रिसमस’ (१९७४) या चित्रपटाच्या निमित्ताने

शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’ नाटकाच्या पहिल्याच प्रवेशात, राजाचे भूत दिसेनासे झाल्यानंतर, मार्सेलस हा पहारेकरी एका लोकसमजुतीचा उल्लेख करतो. ख्रिस्तजन्माचा सण जवळ आला म्हणजे कोंबडा रात्रभर आरवत राहतो आणि त्या दिवसांत कोणतेही भूतपिशाच बाहेर हिंडण्यास धजत नाही, अशी ती समजूत होय. त्याच नाटककाराच्या ‘द विंटर्स टेल’मध्ये मात्र मॅमिलियस हा बालराजपुत्र आईला गोष्ट सांगावयास बसतो, तेव्हा हिवाळ्याला साजेशी म्हणून भुताखेतांचीच गोष्ट निवडतो. एकीकडे नाताळच्या रात्री भुते नसतात ही श्रद्धा, तर दुसरीकडे हिवाळ्याच्या रात्री भुतांच्याच गोष्टी सांगाव्यात हा प्रघात. नाताळच्या पार्श्वभूमीवरील भयपटांचा विचार करताना या वरवर परस्परविरोधी दिसणाऱ्या दोन गोष्टींपासून आरंभ करणे सोयीचे ठरते.

वस्तुतः हा विरोध खरा नाही. ज्या रात्री घर सुरक्षित आहे अशी खात्री असते, त्याच रात्री भयाची गोष्ट निर्धास्तपणे ऐकता येते. उत्तर गोलार्धात २१-२२ डिसेंबरच्या सुमारास वर्षातील सर्वांत दीर्घ रात्र येते. बाहेर बर्फ आणि काळोख, आत शेकोटी आणि सर्व कुटुंब एकत्र जमलेले. अशा वेळी सांगितलेली भूतकथा घराच्या उबेला उणेपणा आणीत नाही, उलट ती ऊब अधिक जाणवून देते. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये या प्रघाताला छापील वाङ्मयाची जोड मिळाली. चार्ल्स डिकन्सचे ‘अ ख्रिसमस कॅरोल’ १९ डिसेंबर १८४३ रोजी प्रसिद्ध झाले आणि त्यानंतर नियतकालिकांच्या नाताळ अंकांत भूतकथा ही जवळजवळ अपेक्षित वस्तू होऊन बसली. मराठी वाचकाला दिवाळी अंकांच्या परिचयामुळे ही गोष्ट सहज उमजण्यासारखी आहे. पुढे केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात एम. आर. जेम्स हे विद्वान नाताळच्या सुमारास मित्रमंडळींना स्वतःच्या भूतकथा मेणबत्तीच्या उजेडात वाचून दाखवीत. त्याच कथांवर बीबीसीने १९७१ पासून दर नाताळात एकेक दूरचित्रपट सादर केला. १९७६ साली मात्र जेम्सऐवजी डिकन्सची ‘द सिग्नलमन’ ही कथा घेण्यात आली.

या परंपरेतील भूत घरात येते ते बहुधा काही कामासाठी येते, हे लक्षात घेतले पाहिजे. मार्लेचे भूत स्क्रूजकडे येते ते त्याला सावध करण्यासाठी. ते भयंकर असेल, पण वैरी नव्हे. चित्रपटाने या कथेवर अगदी बाल्यावस्थेतच हक्क सांगितला. १९०१ साली रॉबर्ट पॉल याच्या संस्थेसाठी वॉल्टर बूथ याने काढलेला ‘स्क्रूज, ऑर मार्लेज घोस्ट’ हा या कथेवरील उपलब्ध चित्रपटांपैकी सर्वांत जुना होय. त्यात दारावरील ठोकणीच्या जागी मार्लेचा चेहरा उमटतो. एका चित्रावर दुसरे चित्र घेण्याची युक्ती त्यासाठी योजिली आहे. चित्रपटातील नाताळच्या भयाचा पहिला मुक्काम असा घराच्या दारावरच पडावा, हा योगायोग असला तरी बोलका आहे.

१९४५ साली ईलिंग स्टुडिओने ‘डेड ऑफ नाइट’ हा अनेक कथांचा मिळून एक चित्रपट काढला. त्यातील नाताळच्या मेजवानीच्या कथेत सॅली नावाची मुलगी लपंडाव खेळता खेळता जुन्या घराच्या वरच्या भागात जाऊन पोहोचते. तेथे तिला एक रडणारा लहान मुलगा आढळतो. ती त्याची समजूत घालते, त्याला निजवते आणि खाली परतल्यावर तिला कळते की त्या मुलाचा फार पूर्वी खून झाला होता. मुलाचे नाव फ्रान्सिस केंट. ही घटना काल्पनिक नव्हे. १८६० साली रोड या गावी त्या मुलाचा खून झाला आणि पाच वर्षांनी त्याची सावत्र बहीण कॉन्स्टन्स हिने तो कबूल केला. मूळ खून जून महिन्यातला. चित्रपटाने त्याला नाताळात आणून बसविले. खाली मेजवानी, वर मृत बालक, आणि दोहोंमध्ये एक जिना, ही रचना ध्यानात ठेवावी. तिचा पुढे संबंध येणार आहे.

अमेरिकेत या सणाने एका वेगळ्या पाहुण्याला केंद्रस्थानी आणले. १८२३ च्या डिसेंबरात न्यूयॉर्क राज्यातील ट्रॉय येथील एका वृत्तपत्रात प्रसिद्ध झालेल्या कवितेने संत निकोलसच्या आगमनाचे जे चित्र रेखाटले, तेच पुढे सांताक्लॉजच्या रूपाने रूढ झाले. घरातील माणसे निजली आहेत, आणि एक अनोळखी पुरुष रात्री धुराड्यातून घरात उतरतो. मुलांना शिकविले जाते की त्याची वाट पाहावी, पण त्याला पाहू नये. तो त्यांचे वर्षभराचे वर्तन जाणतो, असेही त्यांना सांगितले जाते. या कल्पनेतील प्रेमळपणा वजा केला तर उरते काय, हा प्रश्न भयकथाकारांना केव्हा ना केव्हा सुचणारच होता. १९५४ साली एका अमेरिकन चित्रकथा-मासिकात आलेली आणि १९७२ साली ‘टेल्स फ्रॉम द क्रिप्ट’ या ब्रिटिश चित्रपटात घेतलेली कथा या प्रश्नाचे सर्वांत नेटके उत्तर होय. नाताळच्या आदल्या रात्री एक स्त्री पतीचा खून करते. त्याच वेळी सांताक्लॉजच्या वेषातील एक पळालेला वेडा घराभोवती घिरट्या घालीत असतो. प्रेत घरातच असल्यामुळे तिला पोलिसांना बोलावता येत नाही. ती दारे-खिडक्या बंद करून घेते. शेवटी दार उघडते ती तिची लहान मुलगी, सांताक्लॉज आला म्हणून आनंदाने. मुलीने कोणताही नियम मोडलेला नाही. सणाने जे शिकविले तेच तिने केले.

‘ब्लॅक ख्रिसमस’चे महत्त्व या पार्श्वभूमीवरच कळू शकते. बॉब क्लार्क दिग्दर्शित हा कॅनेडियन चित्रपट टोरांटो येथे चित्रित झाला आणि १९७४ साली प्रदर्शित झाला. रॉय मूर याने त्याची पटकथा लिहिली. चित्रपटाच्या इतिहासकारांनी त्याला सामान्यतः एका विशिष्ट साखळीतील आरंभीचा दुवा म्हणून स्थान दिले आहे. एक अज्ञात मारेकरी, एकामागून एक बळी पडणाऱ्या तरुणी, आणि मारेकऱ्याच्या डोळ्यांच्या जागी ठेवलेला कॅमेरा ही लक्षणे पुढे १९७८ च्या ‘हॅलोवीन’मध्ये आणि त्यानंतरच्या असंख्य ‘स्लॅशर’ चित्रपटांत दिसतात. हे स्थान चुकीचे नाही. परंतु अशा वर्गीकरणात चित्रपटाच्या नावातील दुसरा शब्द निरर्थक ठरतो; नाताळ म्हणजे केवळ दिव्यांच्या माळांची आरास, असे गृहीत धरले जाते. चित्रपट लक्षपूर्वक पाहिल्यास दिसते की या कथेचा प्रत्येक सांधा नाताळच्या सुटीवर आधारलेला आहे.

विद्यार्थिनींच्या एका मंडळाचे निवासगृह हे कथेचे स्थळ. नाताळच्या सुटीपूर्वीचा समारंभ चालू असताना कोणी एक इसम बाहेरच्या भिंतीला धरून चढतो आणि माळ्याच्या खिडकीतून आत येतो. कॅमेरा त्याचे डोळे होऊन चढत असल्याने प्रेक्षकाला तो दिसत नाही. दिसते ते त्याला दिसणारे घर, दिव्यांनी सजलेले. म्हणजे पहिल्या काही क्षणांतच पाहुणा वरच्या बाजूने घरात उतरला आहे. सांताक्लॉजच्या आख्यायिकेचे हे विडंबन चित्रपट कोठेही शब्दांत सांगत नाही, आणि ते न सांगण्यातच त्याचा संयम आहे. मारेकऱ्याला लाल पोशाख घालण्याचा मोह क्लार्कला झालेला नाही.

सुटीमुळे क्लेअर ही मुलगी घरी जाण्यासाठी सामान आवरावयास आपल्या खोलीत जाते आणि तेथेच मारली जाते. सुटीमुळेच तिचे नाहीसे होणे कोणाच्या लक्षात येत नाही, कारण जो तो कोठेतरी निघालेला असतो. दुसऱ्या दिवशी तिचे वडील तिला नेण्यासाठी ठरलेल्या ठिकाणी येऊन थांबतात. कुटुंबाने एकत्र येण्याचा हा काळ. वडील मुलीला घरी नेण्यास आले आहेत, आणि मुलगी त्याच घराच्या माळ्यावर, चेहऱ्यावर प्लास्टिकची पिशवी आवळलेल्या अवस्थेत, खिडकीजवळच्या झुलत्या खुर्चीत बसविलेली आहे. ती खिडकी रस्त्यावरून दिसण्यासारखी आहे. शोध मात्र बागेत, गावात, सर्वत्र होतो. माळ्यावर कोणी जात नाही. जाते ती एकटी गृहमाता, आणि तीही मुलीच्या शोधात नव्हे, तर हरवलेल्या मांजराच्या. ती परत येत नाही. पण तीही सुटीवर जाण्याच्या तयारीत होती, तेव्हा तिच्या नसण्याचेही कोणाला नवल वाटत नाही.

ध्वनीच्या बाबतीत हा चित्रपट विशेष अभ्यसनीय आहे. नाताळची गीते गाणारी मुले दाराशी येतात. जेस ही नायिका दार उघडून ऐकत उभी राहते. तिचा चेहरा क्षणभर निवळतो. त्याच वेळी वरच्या मजल्यावर, दम्याचा त्रास होऊन निजलेल्या बार्बचा खून होत असतो, आणि मुलांच्या सुरेल आवाजात तो बुडून जातो. दिग्दर्शक दोन्ही प्रसंग आलटून पालटून दाखवितो. ‘डेड ऑफ नाइट’मध्ये मेजवानी आणि मृत बालक यांच्यात जिन्याचे अंतर होते, येथे गीत हेच हत्येचे आवरण झाले आहे. पवित्र गीताची येथे थट्टा केलेली नाही, हेही सांगितले पाहिजे. गीत निरागसच आहे. घरातील माणसांना ऐकू न येण्याचे कारण तेवढे ते होते. संगीतकार कार्ल झिट्टरर याने पियानोच्या तारांना काटे, कंगवे, सुऱ्या अशा वस्तू बांधून विकृत नाद निर्माण केले. कथेत जेसचा प्रियकर पीटर हाही पियानोवादकच असून तो एका प्रसंगी पियानो फोडतो, ही गोष्ट या संगीताच्या संदर्भात नजरेआड करता येत नाही.

पीटर आणि जेस यांच्या उपकथानकात चित्रपटाचे गांभीर्य साठविलेले आहे. जेस गर्भवती असून गर्भपात करण्याचा तिचा निर्णय झाला आहे. पीटरला तो मान्य नाही. कॅनडात १९६९ च्या कायद्याने गर्भपाताला प्रथमच मर्यादित परवानगी दिली होती, व तीही रुग्णालयातील वैद्यकीय समितीच्या संमतीनेच. एका जन्माचा उत्सव चालू असताना एक तरुणी जन्म नाकारण्याचा हक्क शांतपणे मागत आहे, हा ताण चित्रपटाने प्रचाराचा सूर न लावता हाताळला आहे. तिला दोष दिलेला नाही आणि शिक्षाही दिलेली नाही. पुढील काळातील अनेक भयपटांनी स्वतंत्र वृत्तीच्या तरुणींना जे शासन दिले, त्याच्याशी ताडून पाहता हा फरक ठळकपणे जाणवतो. पोलिस ठाण्यातील हवालदार मुलगी नाहीशी झाल्याची तक्रार प्रथम हसण्यावारी नेतो, यातील टीकाही तितकीच स्पष्ट आहे.

घरात वारंवार येणारे बीभत्स दूरध्वनी कोठून येतात, हे शोधण्यासाठी टेलिफोन एक्स्चेंजमधील कर्मचारी यंत्रांच्या रांगांमधून धावत एकेक जोडणी तपासतो. हा तपास लांबविला आहे तो उगाच नव्हे. प्रेक्षकाला प्रारंभापासून ठाऊक असलेली गोष्ट, म्हणजे बोलणारा घरातच आहे, पात्रांना कळावयास एवढा खटाटोप करावा लागतो. जेस तळघरात लपते, तेथे पीटर खिडकीतून येतो आणि तोच मारेकरी आहे असे समजून ती त्याला ठार करते. पोलिसांचीही तीच समजूत होते. तिला औषध देऊन निजविले जाते आणि घर रिकामे होते. मग कॅमेरा सावकाश वर चढतो. माळ्यावर दोन्ही प्रेते तशीच आहेत, आणि तो अज्ञात आवाजही. शेवटी बाहेरून दिसणारे घर, आणि वाजत राहणारा दूरध्वनी. मार्सेलसने सांगितलेली समजूत येथे पूर्णपणे उलटली आहे. शेकोटीपाशी बसून ऐकण्याची भूतकथा घर सुरक्षित असल्याच्या विश्वासावर उभी होती. येथे तो विश्वासच मारेकऱ्याच्या उपयोगी पडला.

दहा वर्षांनी, ९ नोव्हेंबर १९८४ रोजी, ‘सायलेंट नाइट, डेडली नाइट’ हा चित्रपट अमेरिकेत प्रदर्शित झाला, तेव्हा पालकांनी ठिकठिकाणी निदर्शने केली आणि वितरकाने तो लवकरच मागे घेतला. सांताक्लॉजच्या वेषातील खुनी, आणि धुराड्यात शिरणाऱ्या हातातील कुऱ्हाडीचे जाहिरातचित्र, यांवर मुख्य रोख होता. आक्षेपकांची चिंता समजण्यासारखी आहे. दूरचित्रवाणीवरील जाहिराती लहान मुलांच्या दृष्टीस पडत होत्या. तथापि चित्रपट म्हणून तो ‘ब्लॅक ख्रिसमस’च्या जवळपासही येत नाही. त्याने वेष घेतला आणि सण सोडला. सांताक्लॉजच्या वेषातील दरोडेखोराने मातापित्यांना मारल्याचे पाहिलेल्या मुलाची ती कथा असल्याने भयाचे कारण एका बिघडलेल्या मनात बंदिस्त होते आणि प्रेक्षक मोकळा सुटतो. त्याच वर्षीच्या ‘ग्रेमलिन्स’मध्ये एक तरुणी आपल्याला नाताळ का आवडत नाही ते सांगते. सांताक्लॉजच्या वेषात धुराड्यातून उतरताना तिचे वडील मान मोडून मेले आणि प्रेत दिवसांनंतर सापडले. विनोद आणि शोक यांच्या सीमेवरचे ते एक छोटे भाषण कुऱ्हाडीच्या सर्व घावांहून अधिक खोल जाते.

‘ब्लॅक ख्रिसमस’ची दोनदा नवी आवृत्ती निघाली. २००६ च्या आवृत्तीने माळ्यावरील इसमाला आई, बालपण, छळ असा सविस्तर पूर्वेतिहास दिला. २०१९ च्या आवृत्तीने त्याच्या जागी विद्यापीठातील पुरुषांचे एक गूढ कारस्थान आणले. दोन्हींत ‘तो कोण?’ या प्रश्नाला उत्तर मिळते. मूळ चित्रपटात बिली आणि अॅग्नेस ही दोन नावे दूरध्वनीवरील असंबद्ध बडबडीत येतात, एवढाच काय तो धागा. क्लार्कने स्वतः या विषयाकडे पुन्हा वळण्याऐवजी १९८३ साली ‘अ ख्रिसमस स्टोरी’ हा बंदुकीसाठी हट्ट धरणाऱ्या लहान मुलाचा विनोदी चित्रपट काढला. अमेरिकेत तो नाताळातील घरगुती करमणुकीचा नेहमीचा भाग झाला आहे.