नगरपरिषद क्षेत्रातील सार्वजनिक अभिलेख

नगरपरिषद क्षेत्रातील सार्वजनिक अभिलेख म्हणजे महाराष्ट्रातील लहान शहरांमध्ये जन्म, मृत्यू, मालमत्ता, कर, शालेय प्रवेश इत्यादींविषयी शासकीय व स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कार्यालयांनी ठेवलेल्या नोंदी होत. या नोंदी एकाच कार्यालयात नसतात. नगरपरिषद, भूमी अभिलेख कार्यालय, दुय्यम निबंधक कार्यालय व तहसील कार्यालय यांत त्या विभागलेल्या असून प्रत्येक नोंद वेगळी बाब सिद्ध करते. एका कार्यालयाचा उतारा दुसऱ्याच्या जागी चालत नाही. हे लक्षात न आल्यामुळे वारसा, शाळाप्रवेश आणि घराची खरेदी-विक्री यांत अडचणी उद्भवतात.

लहान शहरांचा कारभार महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५ नुसार चालतो. लोकसंख्येनुसार नगरपरिषदांचे 'अ', 'ब' व 'क' असे वर्ग पडतात. प्रशासनाचा प्रमुख मुख्याधिकारी असतो.

जन्म व मृत्यू नोंदी

जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ प्रमाणे घटना जेथे घडली तेथील निबंधकाकडे तिची नोंद होते. कुटुंबाचे राहण्याचे ठिकाण त्यासाठी विचारात घेतले जात नाही. महाराष्ट्रात पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत असल्यामुळे अनेकांची जन्मनोंद वडिलांच्या गावी न सापडता आजोळच्या नगरपरिषदेत किंवा ग्रामपंचायतीत असते. गंभीर आजारी व्यक्तीचा मृत्यू जिल्ह्याच्या ठिकाणच्या रुग्णालयात झाल्यास त्याची नोंदही तेथेच होते. म्हणून शोधाची सुरुवात घटनास्थळ व वर्ष निश्चित करण्यापासून करावी लागते. नोंदणी क्रमांक ठाऊक नसल्यास संबंधित वर्षाच्या नोंदवहीत शोध घेण्यासाठी अर्ज करता येतो व त्याचे शुल्क आकारले जाते. मृत्यूच्या नोंदीचा उतारा देताना मृत्यूचे कारण मात्र उघड केले जात नाही.

घटनेची माहिती २१ दिवसांच्या आत कळवल्यास नोंदणी विनाशुल्क होते. त्यानंतर ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क पडते आणि पुढे एक वर्षापर्यंत सक्षम अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. एक वर्ष उलटल्यास दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय नोंद होत नाही. पूर्वी हा आदेश प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी देत. २०२३ च्या दुरुस्तीने तो अधिकार जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा प्राधिकृत कार्यकारी दंडाधिकारी यांच्याकडे आला. ही दुरुस्ती १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाली. त्या दिवशी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांच्या बाबतीत शाळाप्रवेश, वाहन परवाना, मतदार नोंदणी इत्यादींसाठी जन्मतारीख व जन्मस्थळाचा पुरावा म्हणून जन्म प्रमाणपत्रच ग्राह्य धरण्याची तरतूद तीत आहे. बाळाचे नाव न घालताच नोंद झाली असल्यास ते नंतर भरून घेता येते. बारशाआधी रुग्णालयाने कळवलेल्या नोंदींत हा रकाना रिकामा राहणे स्वाभाविक असते. पुढे तो भरून घेण्याचे मात्र पुष्कळदा राहून जाते.

मालमत्तेच्या नोंदी

सर्वाधिक गैरसमज घराच्या कागदपत्रांविषयी आढळतात. नगरपरिषदेच्या कर विभागाकडून मिळणारा आकारणी उतारा हा घरपट्टी कोणाकडून वसूल करावयाची याची नोंद आहे. त्यावर नाव असणे हा मालकीचा पुरावा ठरत नाही, असे न्यायालयांनी वेळोवेळी स्पष्ट केले आहे. वडिलांच्या निधनानंतर घरपट्टीला मुलाचे नाव लागते, तो वर्षानुवर्षे पट्टी भरतो आणि घर विकताना मिळकत पत्रिकेवर अजून आजोबांचेच नाव असल्याचे त्याला कळते, असे प्रसंग लहान शहरांत सर्रास घडतात.

मिळकत पत्रिका नगर भूमापन झालेल्या क्षेत्रासाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ अन्वये ठेवली जाते. ती भूमी अभिलेख विभागाकडे असते, नगरपरिषदेकडे नव्हे. तिच्यावर नगर भूमापन क्रमांक, क्षेत्र, धारकाचे नाव व फेरफारांच्या नोंदी असतात. वारस नोंद करावयाची झाल्यास नगरपरिषदेत एक व भूमी अभिलेख कार्यालयात दुसरा असे स्वतंत्र अर्ज करावे लागतात. नगर भूमापन न झालेल्या भागात सातबारा उतारा लागू राहतो. काही ठिकाणी एकाच जमिनीचा सातबारा व मिळकत पत्रिका दोन्ही चालू राहिल्याने गोंधळ झालेला आढळतो.

खरेदीखत, गहाणखत, बक्षीसपत्र यांसारखे दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवले जातात. नोंदणी अधिनियम, १९०८ नुसार स्थावर मालमत्तेच्या दस्तांचे पुस्तक क्रमांक १ व त्याच्या सूची कोणासही शुल्क भरून पाहता येतात. त्यासाठी मालक असण्याची अट नाही. मृत्युपत्रांना मात्र हा नियम लागू नाही. कर्ज देण्यापूर्वी बँका वकिलाकडून जो शोध अहवाल मागवतात, तो मुख्यतः या सूचींवर आधारलेला असतो.

जुने अभिलेख

जात प्रमाणपत्र व जात पडताळणीमुळे जुन्या नोंदींना विशेष महत्त्व आले आहे. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागास वर्गांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वीचे पुरावे मागितले जातात. असे पुरावे प्रामुख्याने नगरपरिषद शाळांच्या प्रवेश निर्गम नोंदवह्यांत आणि महसूल खात्याच्या गाव नमुना १४ मध्ये, म्हणजेच 'कोतवाल बुका'त आढळतात. अनेक नोंदी मोडी लिपीत असल्याने जाणकाराकडून त्यांचे लिप्यंतर करून घ्यावे लागते; मराठवाड्यात निजामकालीन उर्दू कागदपत्रांची भर पडते. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने कुणबी नोंदींचा शोध घेतला, तेव्हा अशा दप्तरांची मोठ्या प्रमाणावर तपासणी झाली.

जेथे ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली किंवा हद्दवाढीने शेजारचे गाव शहरात आले, तेथे बदलापूर्वीच्या नोंदी मूळ ग्रामपंचायतीच्या दप्तरात शोधाव्या लागतात.

नकला, मुदती व गहाळ दप्तर

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित झालेल्या सेवा ठरलेल्या मुदतीत देणे बंधनकारक आहे. सबळ कारणाविना विलंब केल्यास पदनिर्देशित अधिकाऱ्यास ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. अर्ज 'आपले सरकार' संकेतस्थळावर किंवा सेवा केंद्रात करता येतो. जी कागदपत्रे या सेवांत मोडत नाहीत, त्यांसाठी माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ उपयोगी पडतो. या अर्जाचे शुल्क १० रुपये, तर उत्तराची सर्वसाधारण मुदत ३० दिवसांची आहे. नकलेऐवजी मूळ दप्तराची पाहणीही मागता येते आणि नेमका क्रमांक माहीत नसताना तीच अधिक उपयुक्त ठरते.

'अभिलेख आढळून येत नाही' हे उत्तर लेखी घेणे आवश्यक असते, कारण विलंबित जन्मनोंदणीच्या अर्जासोबत अनुपलब्धतेचा दाखला जोडावा लागतो. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ नुसार अभिलेख नियमबाह्य रीतीने नष्ट करणे हा गुन्हा असून त्यासाठी पाच वर्षांपर्यंत कारावास, १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.