कसनासूरचा तास

सकाळी ६.१५. मूलच्या स्टँडवर गडचिरोलीची एसटी लागते. पुढच्या बाकावरचे दोघे मोबाइलवर गाझाची दृश्यं बघत होते. एक म्हणाला, "अगोदर त्यायनंच काढली नं खोडी." दुसरा म्हणाला, "पण लेकरायचा काय दोष?" व्याहाड मागे पडलं, वैनगंगेचा पूल आला, तरी दोघांचं चालूच होतं. १९८२ च्या ऑगस्टपर्यंत नदीच्या दोन्ही काठांना चंद्रपूर जिल्हाच होता. आता पूल ओलांडला की गडचिरोली लागते.

८.००. स्टाफरूममध्ये चहा आणि हजेरीपत्रकं.

९.३०. बी. ए. तृतीय वर्ष, राज्यशास्त्र. वादविवाद स्पर्धेची तयारी चालू आहे. विषय मुलांनीच निवडला: गाझातल्या नागरिकांच्या मृत्यूला जबाबदार कोण? तयारी चोख होती. ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासने सुमारे १२०० माणसं मारली, अडीचशेच्या आसपास माणसं ओलीस नेली. त्यानंतरच्या इस्रायली हल्ल्यांत मेलेल्यांचा गाझाच्या आरोग्य खात्याचा आकडा साठ हजारांच्या पुढे गेला. दोन्ही गट तावातावाने बोलत होते. समोरचा एक मेलेला माणूस मोजायला लागला, की इकडचा आपला मेलेला पुढे करत होता. पंधरा मिनिटं हाच हिशेब चालला.

"हमास वस्तीत लपते, मग लोकं मरणारच," एक मुलगा म्हणाला.

मी विचारलं, "रात्री माओवाद्यांचं दलम गावात आलं, तांदूळ मागितला. बंदूक समोर आहे. घरच्या बाईने दिला. सकाळी पोलीस आले. आता ती बाई कोणाची?"

वर्ग गप्प झाला. या वर्गात एटापल्लीची मुलं आहेत, भामरागडची आहेत. कोणाचा भाऊ पोलिसांच्या सी-६० पथकात आहे, कोणाच्या काकाला माओवाद्यांनी खबऱ्या ठरवून मारलं आहे. गाझावर भांडणं त्यांना सोपं जातं. इथलं काढलं की शेजारच्या बाकाकडे बघून बोलावं लागतं.

१०.१५. पुढचा तास रिकामा होता, म्हणून तिथेच बसलो. फळ्यावर मी एका गावाचं नाव लिहिलं: कसनासूर. २२ एप्रिल २०१८ ला बोरिया-कसनासूरच्या जंगलात इंद्रावतीकाठी पोलीस आणि माओवाद्यांत चकमक झाली. दुसऱ्या दिवशी राजाराम खांदल्याला आणखी एक. दोन्ही मिळून चाळीस मृत्यू झाले, काही मृतदेह नदीतून निघाले. गट्टेपल्ली गावातली आठ तरुण मुलं तेव्हापासून बेपत्ता होती. आमची पोरं लग्नाला निघाली होती, असं घरचे सांगत होते. पोलिसांचं म्हणणं होतं की ती नुकतीच दलममध्ये भरती झाली होती. पुढे २२ जानेवारी २०१९ ला माओवाद्यांनी कसनासूरच्याच तिघांना मारून टाकलं. त्यांच्यावर आरोप एकच: चकमकीची खबर तुम्ही दिली. मृतदेह आलापल्ली-भामरागड रस्त्यावर टाकून शेजारी बॅनर लावलं होतं.

"म्हणजे दोन्हीकडून आम्हीच," मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली. दिवसभरात तिने उच्चारलेलं तेवढंच वाक्य.

मग एकाने जांभुळखेडा काढलं. १ मे २०१९, महाराष्ट्र दिन. कुरखेड्याजवळ भूसुरुंगाच्या स्फोटात पोलिसांचे पंधरा जवान गेले आणि सोबत गाडीचा चालक. गाडी खासगी, चालकही खासगी. जवानांना लढणारे म्हणा, पण चालकाला काय म्हणायचं? "तो गाडीत बसला म्हणजे पोलिसांचाच," असं एक जण म्हणताच दुसऱ्याने लगेच अडवलं, "मग तांदूळ देणारी बाई दलमची?" वादविवादात असा क्षण क्वचित येतो. मी मध्ये पडले नाही.

मला जे शिकवायचं होतं, ते त्या दोघांनी एकमेकांकडून काढून घेतलं. कोण लढतो आणि कोण लढत नाही हे ओळखण्याचं ओझं बंदूकवाल्यावर असतं. ज्याच्याकडे बंदूक नाही, त्याने आपलं निर्दोषपण सिद्ध करत फिरायचं नसतं. १९४९ च्या जिनिव्हा करारांतलं तिसरं सामायिक कलम देशांतर्गत संघर्षालाही लागू होतं आणि ते सरकारला बांधतं तसंच बंडखोरांनाही बांधतं. समोरच्याने नियम मोडला म्हणून आपल्याला मोकळीक मिळत नाही. गाझातही नाही, गडचिरोलीतही नाही.

दुपारी १.००. डबा.

२.००. ग्रंथालयात चौघांना सर्वोच्च न्यायालयाचा २३ सप्टेंबर २०१४ चा निकाल वाचायला दिला. पोलीस चकमकीत मृत्यू झाला की गुन्हा नोंदवायचा, तपास सीआयडीने किंवा दुसऱ्या ठाण्याच्या पथकाने करायचा, दंडाधिकारी चौकशी व्हायचीच. मुलांना आश्चर्य वाटलं ते याचं, की हा खटला महाराष्ट्रातल्याच चकमकींवरून उभा राहिला होता. "माओवाद्यांसाठी असा निकाल कुठे आहे?" एकाने विचारलं. प्रश्न रास्त आहे. पोलिसांच्या नोंदीनुसार या जिल्ह्यात माओवाद्यांनी पाचशेहून अधिक नागरिक मारले, आणि त्यांच्या जनअदालतीत अपील नव्हतं. सरकारकडून जास्त अपेक्षा ठेवायची, कारण त्याने संविधानाची शपथ घेतली आहे. पण म्हणून माओवाद्यांचा गुन्हा तसूभरही हलका होत नाही.

४.००. जाता जाता एका मुलाने गाठलं. "मॅडम, आता तर भूपतीनंही शस्त्रं टाकली. संपलं नं सगळं? मग काऊन उकरायचं?" ऑक्टोबर २०२५ मध्ये गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर साठ साथीदारांसह झालेलं माओवादी नेता भूपतीचं ते आत्मसमर्पण या मुलांनी मोबाइलवर थेट पाहिलं आहे. बंदुका खाली आल्या याचा मला मनापासून आनंद आहे. पण ज्या घरातला माणूस गेला, त्या घराला तो कोणी मारला आणि का मारला, हे अजून अधिकृतपणे कळलेलं नसेल, तर तिथे काहीच संपलेलं नाही. मी त्याला तेवढंच सांगितलं.

५.३०. परतीची एसटी. बसायला जागा मिळाली नाही. उभ्यानेच मनात मांडत आले, ते इथे लिहिते.

आपल्या ग्रामसभांनी हे काम हाती घ्यावं. प्रत्येक गावाने १९८० पासूनच्या आपल्या मृतांची एकच नोंदवही करावी: नाव, तारीख, कोणाच्या हातून मेला, चौकशी झाली का, निष्कर्ष काय. खबऱ्या म्हणून मारलेला आणि नक्षली म्हणून मारलेला एकाच वहीत, एकाखाली एक. प्रशासनाने दंडाधिकारी चौकशीचे अहवाल माडिया-गोंडीत वाचून दाखवावेत. शरण आलेल्यांनीही पुढे येऊन सांगावं, कोणाला कोणत्या संशयावरून मारलं. महाविद्यालयं मदतीला विद्यार्थी देतील. माझे द्यायला मी तयार आहे.